आत्याबाईंची रामेश्वर यात्रा

आमच्या घरात इंग्रजी येणारी मी एकटीच, असा सगळ्यांचा समज होता आणि तो लग्नापासून मीच खतपाणी घालून वाढवला होता. काष्टीच्या बाजूच्या एका हायस्कुलात मी इंग्रजी शिकवायचे. म्हणजे मराठीतून इंग्रजी शिकवायचे. फळ्यावर ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करून दाखवण्यात माझा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. पण जित्या माणसाला इंग्रजीत ‘जरा सरकून बसता का’ म्हणायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

ती आली नव्वदनंतरच्या एका उन्हाळ्यात. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, दम लागायचा. गोठ्यात पाण्याची बादली नेली की त्या गाईच्या शेजारीच बसकण मारायच्या. पाय सुजायचे. आडवं झालं की जीव घाबरतो म्हणून धान्याच्या पोत्याला टेकून बसल्या बसल्या झोपायच्या. नगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हृदयाची झडप आवळली आहे, ऑपरेशन करावं लागेल आणि थांबून चालणार नाही. मद्रासच्या पुढं एक मोठा दवाखाना होता, तिथली चिठ्ठी त्यांनी दिली. घरी आल्यावर सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

‘हिला इंग्लिश येतंय की,’ मामंजी म्हणाले.

मी पदर खोचला आणि म्हणाले, ‘नेते मी.’ तेवढी एक गोष्ट मी मोठ्या ऐटीत केली. पुढची सगळी यात्रा ऐट उतरण्याची.

आता आमच्याकडची एक रीत आहे. दुखणाइताला दुखणं सांगायचं नाही. घराला सांगायचं, भावकीला सांगायचं, दूध घालायला आलेल्या माणसालाही सांगायचं, फक्त ज्याचं दुखणं त्याला नाही. मामंजींनी आम्हाला गोठ्यात बोलावून घेतलं आणि हळू आवाजात बजावलं, ‘तिला कळता कामा नये. आपरेशन म्हनलं की ती हाय खाईल. वाटंतच जायची. आन सांगून ती जानारच न्हाई.’ मग काय सांगायचं? बराच वेळ गाईंकडे बघून त्यांनीच तोड काढली. आत्याबाईंना रामेश्वरला जायचं होतं, कितीतरी वर्षांपासून. रामेश्वर त्याच अंगाला. तर रामेश्वरच्या यात्रेला निघालोय, असं सांगायचं. मधे एक दवाखाना लागतो, तिथं दम तपासून घ्यायचा, मग पुढं दर्शन.

‘दम कशाला तपासायचा?’ आत्याबाईंनी विचारलंच.

माझे यजमान साखर कारखान्यात कारकून. खोटं बोलायचं म्हटलं की त्यांचे कान लाल होतात. ते भिंतीकडे बघत बसले. म्हणून मी म्हणाले, ‘रामेश्वराला आत सोडताना दम बघतात, आत्याबाई. आवार केवढं मोठं. मधेच कुणाला चक्कर आली म्हणजे?’

त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग ‘बरं’ म्हणाल्या. माझ्या हुशारीवर मी इतकी खूश झाले की शाळेत जाऊन दोन शिक्षिकांना हा किस्सा सांगितला. संध्याकाळपर्यंत तो वाडीवस्तीवर पोचला.

निघायच्या दिवशी गाव लोटलं. यात्रेला जाणाऱ्या बाईला नारळ देतात, रामेश्वराला माझा नमस्कार सांगा म्हणतात, हसून निरोप देतात. आमच्याकडे आलेल्या बायका आत्याबाईंच्या गळ्यात पडून हमसून रडत होत्या. त्यांच्या चुलतजावेने तर ‘काय चुकलं-माकलं असंल तर पोटात घाला’ म्हणून पायच धरले. मी तिला चिमटा काढला तर ती आणखीच रडायला लागली. आत्याबाई प्रत्येकीच्या पाठीवरून हात फिरवत ‘अगं येते की मी’ म्हणत होत्या. मी मनात म्हटलं, चला, काही कळलेलं नाही बिचारीला.

दौंडला मामंजी गाडीपर्यंत आले. यजमान सामान लावत होते, ज्वारीच्या पिठाचा डबा, स्टोव्ह, लसणाची चटणी. मामंजी नळावर जाऊन आत्याबाईंची पाण्याची बाटली भरून घेऊन आले आणि खिडकीतून त्यांच्या हातात दिली. मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘आपल्या चौकातल्या एसटीडी बूथवर फोन कर. तितं लई कान असत्यात, सरळ बोलू नको. समदं नीट झालं तर म्हनायचं, दर्शन चांगलं झालं.’ जे गुपित सगळ्या गावाला पाठ होतं, ते गावापासून लपवायची ही युक्ती. मी गंभीरपणे मान हलवली.

दवाखान्यात पोचल्यावर माझं इंग्रजी उघडं पडलं. गाडीत मी चांगली लांबलचक वाक्यं जुळवून ठेवली होती. खिडकीतल्या माणसाने एका श्वासात काहीतरी विचारलं. मला वाटलं तो तमिळ बोलतोय, म्हणून मी नम्रपणे म्हणाले की कृपया इंग्रजीत बोला. तो इंग्रजीतच बोलत होता. मग त्याने हळूहळू, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं, विचारलं, ‘पेशंट, नेम?’ माझ्या मागे मोठी रांग होती आणि रांगेतल्या सगळ्यांना तो प्रश्न पहिल्याच खेपेला कळला होता.

तरी मी हार मानली नाही. ‘येस, येस’ आणि ‘थँक्यू’ या दोन पायांवर मी तो दवाखाना कितीतरी दिवस चालवला. ‘येस’ म्हणाले की काहीतरी व्हायचं. एकदा रक्त काढून नेलं, एकदा दुसऱ्याच कुणाचं तरी जेवण आलं. यजमानांना रक्त द्यायला नेलं तेही माझ्या एका येसवर. ते परत आले ते भिंत धरून. पुढं ते दवाखान्याजवळ घेतलेल्या भाड्याच्या खोलीवर भाकरी थापायचं काम आनंदाने करायला लागले. माझ्यापेक्षा गोल करत होते.

आत्याबाई मात्र खाटेवर मजेत होत्या. शेजारच्या खाटेवरच्या तमिळ म्हातारीशी त्या मराठीत बोलायच्या, ती तमिळमध्ये बोलायची आणि दोघींचं सगळं समजायचं. त्या दोघी मिळून मला हसतात, असा मला दाट संशय होता.

आम्ही मराठीत बोललेलं तिथं कुणाला कळत नाही, या भरवशावर मीही जीभ सैल सोडली होती. मोठे डॉक्टर फेरीला यायचे तेव्हा त्यांच्याबरोबर भूल देणाऱ्या एक डॉक्टरीणबाई असायच्या. उंच, चष्मा, तोंडावर रेषाही हलायची नाही. त्यांच्यासमोरच मी एकदा आत्याबाईंना म्हणाले, ‘ही बाई बघा, हसण्यावर कर बसल्यासारखी करते.’ आत्याबाई खुदकन हसल्या. डॉक्टरीणबाई आत्याबाईंची नाडी बघत राहिल्या.

मग ऑपरेशनचा दिवस ठरला. आदल्या दिवशी मोठे डॉक्टर खाटेजवळ स्टूल घेऊन बसले. आमच्याकडे डॉक्टर सगळं सांगतो ते बाहेर व्हरांड्यात, पुरुषमाणसाला. हे डॉक्टर म्हणाले की मला पेशंटशीच बोलायचं आहे, तुम्ही फक्त त्यांच्या भाषेत सांगा. मी ‘येस’ म्हणाले.

मग ते बोलले. सावकाश बोलले, आणि नेमकं त्या दिवशी मला त्यांचं एकूण एक वाक्य कळलं. छातीचं हाड मधोमध कापावं लागेल. हृदय थांबवावं लागेल, तेवढा वेळ काम यंत्र करील. झडप बदलायची. बहुतेक लोक बरे होऊन घरी जातात. पण काही उठत नाहीत, हे त्यांना माहीत असलं पाहिजे. ते थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. आत्याबाईही बघायला लागल्या.

मी घसा खाकरला. ‘आत्याबाई, डॉक्टर विचारतात, इकडची हवा मानवली का?’

‘आन येवढा येळ हवाच इचारत हुता व्हय?’

‘इंग्रजीत लांब होतं ते,’ मी म्हणाले.

‘म्हनावं हवा बरीय. पर भाताचा कट्टाळा आला. रामेश्वरला तरी भाकरी मिळंल का, इचार.’

डॉक्टरांनी मला विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं, ‘शी इज सेइंग, शी इज रेडी.’

डॉक्टर काही मूर्ख नव्हते. छाती कापून हृदय थांबवणार म्हटल्यावर हसत हसत भाकरीचा गोल हाताने करून दाखवणारी बाई त्यांनी आजवर पाहिली नसावी. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. तेवढ्यात मागून आवाज आला.

‘बाई, डॉक्टर असे सांगितले नाहीत.’

डॉक्टरीणबाई. मराठीत. जरा वेगळ्या हेलात, जुन्या पोथीतली वाटावी अशी, पण अस्सल मराठी. नंतर कळलं, त्यांचं घराणं तंजावरचं. मराठे राजे तिकडे गेले तेव्हा त्यांच्याबरोबर गेलेलं, आणि पिढ्यान् पिढ्या घरात मराठीच बोलणारं. म्हणजे हवापाण्यापासून हसण्यावरच्या करापर्यंत माझा एकूण एक शब्द त्यांनी ऐकला होता. धरणीने दुभंगून पोटात घ्यावं, तर ती तिकडे फरशीची असल्यामुळे घेईना.

‘मामंजींनी सांगितलंय,’ मी पुटपुटले. ‘त्या हाय खातील.’

‘त्यांची छाती आहे,’ त्या म्हणाल्या. ‘त्यांस विचारल्याशिवाय कोणी हात लावणार नाही.’

मग त्या स्वतः स्टुलावर बसल्या आणि आत्याबाईंचा हात हातात घेऊन त्यांनी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. काही उठत नाहीत, हेही सांगितलं. मी खाटेचा दांडा घट्ट धरून उभी होते. मला वाटत होतं आता आत्याबाई किंचाळतील, हाय खातील, उठून चालायला लागतील, आणि हे सगळं माझ्या नावावर लागेल.

आत्याबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘काळीज बंद करनार म्हनता. मंग तवर मी कुठं असनार?’

डॉक्टरीणबाईंनी आत्याबाईंचा हात आणखी घट्ट धरला. मोठे डॉक्टर ‘काय म्हणतात?’ म्हणून विचारत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘माझ्यापाशी. मी तुमच्या उशाशी बसून असते. तुम्ही परत येईपर्यंत हलत नाही.’

‘मंग करा,’ आत्याबाई म्हणाल्या.

ते दोघं गेल्यावर मी तोंड लपवून रडायला लागले. आत्याबाईंनी मला ओढून खाटेवर बसवलं.

‘रडू नको. मला दौंडलाच कळलं हुतं.’

‘बायका रडल्या म्हणून?’

‘बायका काय, कशाला बी रडत्यात. त्यांनी पानी भरून आनलं. उभ्या जन्मात त्या मानसानं मला तांब्या भरून दिला न्हाई. यात्रंला जानाऱ्या बायकूला कुनी पानी देतं व्हय?’

‘मग बोलला का नाहीत?’

‘ते येवढं खोटं बोलले माझ्यापायी. लेकासारखंच कान लाल झालं हुतं त्यांचं. म्हनलं, बोलू द्या.’ त्या जरा थांबल्या. दम लागला होता. ‘आता नीट ऐक. मी न्हाई उठले तर आपरेशनात गेले आसं त्यास्नी सांगायचं न्हाई. सांगायचं, आदी रामेश्वरलाच नेलं, दर्शनाला रांगेत उभ्या हुत्या, हात जोडले, तितंच बसल्या आन गेल्या. न्हाईतर जलमभर म्हनत बसतील, म्याच फसवून धाडली मरायला. ध्यानात ऱ्हाईल का?’

‘राहील,’ मी म्हणाले.

‘म्हनून दाखव.’

मी म्हणून दाखवलं. मला ते एका दमात म्हणता आलं नाही. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. मी शाळेत पोरींना घोकायला लावते तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आत नेलं. दारापाशी त्यांनी यजमानांना सांगितलं की भाकरीला पीठ जरा सैल मळत जा. ते ‘हो आई’ म्हणाले आणि जिन्यात जाऊन बसले. मी बाकावर बसले. कुणी काय करतं अशा वेळी, देवाचं नाव घेतं. मी ते वाक्य घोकत बसले. पुढं पुढं मी ते सुधारायला लागले, मास्तरकीची खोड. नुसतं ‘रांगेत उभ्या होत्या’ कोरडं वाटतं, म्हणून त्यात ऊन घातलं. मग एक पुजारी घातला, त्याने तोंडात तीर्थ घातलं. चेहरा हसरा होता, हे घातलं. मामंजींना ते ऐकताना जरा बरं वाटावं म्हणून मी जीव तोडून त्यावर मेहनत घेत होते आणि माझ्या डोळ्यांतून नुसतं पाणी चाललं होतं. आत्याबाई मला प्राणापलीकडे आवडतात, हे मला तिथं, त्या बाकावर, त्यांच्या मरणाची वाक्यं रचताना कळलं. तोवर मी त्यांच्याशी आपली सासू म्हणून वागत होते.

केव्हातरी मोठे डॉक्टर बाहेर आले आणि इंग्रजीत बरंच काही बोलले. एक शब्द कळला असेल तर शपथ. मी सवयीने ‘येस, येस’ म्हणत होते. मग त्यांच्या मागून डॉक्टरीणबाई आल्या, टोपी काढत. मी त्यांच्याकडे बघितलं.

‘आल्या परत,’ त्या म्हणाल्या. आणि हसल्या.

यजमानांनी जिन्यातच मांडी घालून ओंजळीत तोंड खुपसलं. ‘तू कर फोन,’ म्हणाले, ‘माझ्याने बोलवणार नाही.’ मी धावत रस्त्यापलीकडच्या बूथमध्ये गेले. नंबर एकदम लागला. मामंजी आम्ही निघाल्यापासून रोज सकाळी येऊन चौकातल्या त्या बूथच्या बाकड्यावरच बसायचे. त्यांनी दुसऱ्या कुणाला फोनला हात लावू दिला नव्हता.

‘हॅलो. सूनबाई? झालं का दर्शन?’

दर्शन चांगलं झालं, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि दिवसभर घोकलेलं बाहेर पडलं, थेट पाठांतराच्या चालीवर: ‘मामंजी, आत्याबाई दर्शनाला रांगेत उभ्या होत्या, हात जोडले, तिथंच बसल्या आणि...’

पलीकडे रिसिव्हर कशावर तरी आपटल्याचा आवाज आला. मग गलका. कुणीतरी ‘आजोबा, आजोबा’ करून ओरडत होतं, कुणीतरी पाणी आणायला सांगत होतं. मी काय केलं ते मला तेव्हा उमगलं आणि मी त्या काचेच्या खोक्यात बेंबीच्या देठापासून ओरडायला लागले, ‘जिवंत आहेत! अहो जिवंत आहेत! ऑपरेशन झालं! चांगलं झालं! रामेश्वर नाही, ऑपरेशन!’ बाहेरचे तमिळ लोक काचेला नाक लावून बघत होते. एकाने दार उघडून मला सोडा-लिंबू देऊ केलं.

बऱ्याच वेळाने रिसिव्हर पुन्हा उचलल्याचा आवाज आला.

‘जित्ती हाय?’ मामंजींचा आवाज अगदी बारीक झाला होता.

‘हो. शुद्धीवर यायच्या आहेत, पण छान आहेत. चुकलं माझं मामंजी, मी ते... त्यांनीच मला...’

मला आता काही लपवता येईना. त्या दवाखान्यात आल्यापासून मी एकही काम धड केलं नव्हतं, निदान हे तरी धड करावं म्हणून मी सगळं सांगून टाकलं. डॉक्टर काय बोलले, मी काय सांगितलं, आत्याबाईंना दौंडलाच पाण्याच्या बाटलीवरून कळलं होतं ते, आणि त्या उठल्या नाहीत तर मामंजींना काय सांगायचं ठरलं होतं, तेही.

‘दौंडलाच कळलं?’ ते म्हणाले.

‘हो.’

‘आन तरी गाडीत बसून ऱ्हायली?’

‘हो.’

‘आन उंद्या छाती कापनार म्हनल्यावर बी व्हय म्हनली?’

‘हो. मंग करा, म्हणाल्या.’

मग मामंजी म्हणाले, ‘म्हंजी म्या फसवून न्हाई धाडली. तिची ती गेली.’

‘त्यांच्या त्या गेल्या मामंजी,’ मी म्हणाले.

आणि तो माणूस, ज्याचा आवाज घरात आम्ही कुणी कधी वर चढलेला ऐकला नव्हता, भर चौकात, ज्या कानांपासून सगळं लपवायचं होतं त्या सगळ्या कानांदेखत, मोठ्याने रडायला लागला.

आत्याबाई वॉर्डात परत आल्या तेव्हा फार क्षीण झाल्या होत्या. छातीवर पट्टी, आवाज खोल गेलेला. आल्या आल्या त्यांनी विचारलं, ‘घरी काय सांगितलंस?’ मला वाटलं आता माझी धडगत नाही. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. मी चुकून त्यांना मारून टाकलं ते, मग ओरडून जिवंत केलं ते, आणि मग मामंजी जे म्हणाले ते, त्यांच्याच शब्दांत.

त्यांनी डोळे मिटले. मग छातीशी दोन्ही हात घट्ट धरून त्या रडायला लागल्या. हाडाला धक्का लागतो म्हणून सिस्टर धावत आली, हातवारे करून रागावली. शेजारची तमिळ म्हातारी काहीतरी समजुतीचं बोलायला लागली.

‘येडं हाय ते,’ आत्याबाई म्हणाल्या. ‘येवढं दीस तितं एकटंच सोताला दोस देत बसलं आसंल.’ टाके दुखत होते तरी त्या काही थांबेनात.